वाफ, धूर आणि कर्ता

बोटीच्या तांडेलाचा फोन येतो तेव्हा निदान त्याने करून ठेवलेलंच असतं. "पंप गेला दादा, नवीन घेऊनच या." त्याने पाहिलेलं असतं एवढंच की काटा चढला. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढतो तो पंप, इंजिन तापलं, म्हणजे पंप गेला. मिरकरवाडा बंदरात मी बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो आणि असा फोन आला की बऱ्याचदा पंपच गेलेला निघतो. अडचण तिथेच सुरू होते. जो अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो तो तपासून बघायची कुणाला गरज वाटत नाही.

बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे. घरात अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' होता. आठल्ये-बोडसांनी सिद्ध केलेली, १८९७ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघालेली आवृत्ती, पाठपुठ्ठा सुटलेली. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स करत असताना बाबा संध्याकाळी मला ते पुस्तक शिकवत. दिवसा नोझल आणि टॅपेट, संध्याकाळी हेतू आणि हेत्वाभास. हे दोन वेगळे विषय आहेत असं मला तेव्हाही फारसं वाटलं नाही. बाबांच्या मनात मात्र पुढचं होतं. त्यांना मला उदयनाचार्यांच्या 'न्यायकुसुमांजली'पर्यंत न्यायचं होतं, जिथे ईश्वर अनुमानाने सिद्ध केलेला आहे. बाबांचं म्हणणं असं की बंद पंपातला दोष तू बाहेरून ज्या बुद्धीने ओळखतोस, त्याच बुद्धीने जगाचा कर्ता ओळखता येतो. हा आमच्यातला जुना वाद. त्यातली माझी बाजू सांगायची तर पंपापासूनच सुरुवात करावी लागेल.

पंप दिसायला किरकोळ. गनमेटलचं वाटोळं घर, आत रबरी पात्यांचा इंपेलर, वर स्क्रूंनी आवळलेलं झाकण. घराच्या आत एका बाजूला उंचवटा असतो. पाती फिरत तिथे आली की दुमडतात, तिथून सुटली की ताठ होतात. ताठ होताना पाणी ओढलं जातं, दुमडताना पुढे ढकललं जातं. हे खारं पाणी कूलरच्या बारीक नळ्यांमधून जातं. नळ्यांच्या बाहेरून इंजिनातलं गोडं पाणी फिरत असतं, ते आपली उष्णता खाऱ्या पाण्याला देऊन परत इंजिनात जातं, आणि खारं पाणी बोटीच्या बाजूच्या नळीतून पुन्हा समुद्रात पडतं. जाळलेल्या डिझेलमधल्या शक्तीचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच बोट पुढे ढकलायला मिळतो, बाकीची उष्णता धुरातून आणि या पाण्यातून बाहेर टाकावी लागते. रबराला वंगणही पाण्याचंच. पंप कोरडा फिरला तर मिनिटाभरातही पाती करपतात.

आता काटा कशाकशाने चढतो ते पाहा. बोटीच्या बुडाला पाणी घ्यायचं तोंड असतं, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटते. आमच्या बंदरात हे फार. गंमत म्हणजे इंजिन बंद केलं की ओढ संपते, पिशवी सुटून निघून जाते, आणि धक्क्याला आल्यावर सगळं ठीक दिसतं. गाळणीत शेवाळ किंवा जेलीफिश अडकते. गाळणीच्या झाकणाची रबरी रिंग सुकली तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. कूलरच्या नळ्यांत क्षार बसतो. थर्मोस्टॅट अडकतो. गोड्या पाण्याचा पंप वेगळा असतो, त्याचा पट्टा ढिला पडतो. हेडचं गॅस्केट फुटून जळता वायू गोड्या पाण्यात शिरतो. आणि कधी इंजिन गारच असतं, काट्याची वायर तेवढी खराब असते. खाऱ्या पाण्याचा पंप हा या रांगेतला एक. त्याचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं कारण तो हाताला लागतो आणि बाजारात मिळतो.

तांडेल फोनवर सांगतो, "धार येत नाही." म्हणजे त्याने कठड्यावरून वाकून पाहिलं आणि पाणी दिसलं नाही. नसणं दिसतं का, हा मीमांसक आणि नैयायिकांच्या भांडणाचा जुना विषय. कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात, अभाव कळतो तो 'अनुपलब्धी' नावाच्या स्वतंत्र प्रमाणाने. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, डोळ्यांनाच अभाव कळतो. मला या भांडणात पडायचं नाही, पण एका अटीवर दोघांचं एकमत आहे आणि ती अट माझ्या रोजच्या उपयोगाची आहे: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणं ठरतं. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून खोलीत घडा नाही असं होत नाही. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या छोट्या बोटींना मागे लटकवलेली इंजिनं असतात. त्यांच्या पाठीला बारीक भोक असतं, पंप चालू असल्याची खूण म्हणून तिथून पाण्याची चिळकांडी उडते. त्या भोकात मिठाचा खडा किंवा चिखल बसला की चिळकांडी थांबते आणि पंप मात्र आत ठणठणीत चालू असतो. खुणेचीच वाट बुजलेली असते. तिथे मी आधी बारीक तार घालतो, पान्याला नंतर हात लावतो.

धुराचं त्याहून अवघड. न्यायशास्त्राचं अख्खं घर एका डोंगरावरच्या धुरावर उभं आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, स्वयंपाकघरात असते तशी. उलट बाजूचं उदाहरण म्हणून जलाशय देतात. तिथे आग नाही म्हणून धूरही नाही. (अन्नंभट्टाने मिरकरवाड्याची खाडी पाहिली असती तर हे उदाहरण बदललं असतं. आमच्याकडे पाण्यावरच धूर असतो.) पण धूर दिसला म्हणजे नेमकं काय दिसलं? बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने 'न्यायबिंदू'त बजावलं आहे की वर येणारा पांढरा लोट वाफ आहे की धूर, याचाच संशय असेल तर त्यावरून आगीचं अनुमान करता येणार नाही. ज्या लाँचेसमध्ये खारं पाणी धुराच्याच नळीत सोडून मागून बाहेर टाकलेलं असतं, त्यांच्या मागे पांढरा लोट दिसला की मालक घाबरतो. तो लोट दोन हातांवर विरून गेला, वास नसला, तर ती वाफ. पाणी कमी येतंय आणि जे येतंय ते उकळतंय. पाण्यावर रेंगाळला, डोळ्यांना झोंबला, मागे तेलाचा तवंग सोडून गेला, तर तो न जळलेल्या डिझेलचा धूर. दोष इंजेक्टरकडे, पंपाकडे नाही. आणि थंडीतल्या दमट पहाटे तर धडधाकट इंजिनही पांढरं सोडतं. त्या वेळी मी कानाचा आधार घेतो. पाणी नीट येत असेल तर आवाज ओला, गुळगुळीत असतो. पाणी तुटलं की तो कोरडा आणि पोकळ होतो.

झाकण उघडल्यावर तरी संशय संपावा. तसंही नसतं. इंपेलरची दोन पाती बुडातून तुटलेली दिसली की शिकाऊ पोरगा खूश होतो: सापडलं! नवा इंपेलर टाकतो, झाकण लावतो. पुढच्या आठवड्यात बोट परत. मीमांसकांचा देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे, याला ते अर्थापत्ती म्हणतात. पाती घरात नाहीत आणि रबर विरघळत नाही. तेव्हा ती पुढे कुठेतरी असली पाहिजेत. बहुधा कूलरच्या तोंडाशी, निम्म्या नळ्या अडवून. पात्यांचे तुकडे हातात घेऊन जुळवले, एक पूर्ण इंपेलर झाला, मगच मी कूलरचं झाकण बंद करू देतो. आणि याच्या उलटाही एक प्रकार आहे, तो मला जास्त आवडतो. सगळी पाती शाबूत, रबर नव्यासारखं, शाफ्ट फिरतोय, पाणी नाही. मधल्या पितळी बुशपासून रबर सुटलेलं असतं. बुश फिरतो, रबर जागीच. डोळ्यांनी पाहून कुणालाही दोष दिसणार नाही. एका हाताने शाफ्ट धरून दुसऱ्याने पाती पिळावी लागतात.

एक ट्रॉलर माझ्याकडे आला तो असाच सगळ्यांनी हात टेकल्यावर. इंजिन सहा सिलिंडरचं, बंदरातून निघताना काटा जागेवर, जाळं टाकून ओढायला लागलं की अर्ध्या तासात लाल. दुसऱ्या एका कारागिराने इंपेलर बदलला होता, मग अख्खा पंप. मालक वैतागलेला, तांडेल अजूनही म्हणत होता, "हा पंपही डुप्लिकेट असणार." बोट धक्क्याला बांधून आधी इंजिन मंद चालवलं. बाजूच्या नळीखाली बादली धरली, घड्याळ लावलं. बादली भरायला हवी तेवढ्या वेळात भरली. मग दोर दुहेरी केले, गिअर टाकला, फेरे वाढवले. फेरे वाढले की धार वाढायला हवी, कारण हा पंप दर फेऱ्याला ठरावीक पाणी फेकतो. धार बारीक झाली. कूलरचं तापमान मोजलं: समुद्राचं पाणी २९ अंशांवर आत जात होतं आणि पन्नाशीच्या पुढे बाहेर पडत होतं. ही मोलाची साक्ष. कूलरमध्ये क्षार बसला असता तर खाऱ्या पाण्याने उष्णता घेतलीच नसती, ते जेमतेम कोमट बाहेर आलं असतं आणि इंजिन तापलं असतं. इथे खारं पाणी भरपूर तापत होतं. कूलर आपलं काम करत होता, पाणीच थोडं होतं. मग गाळणीकडून पंपाकडे येणारा पाइप गाळणीच्या बाजूने सोडवून समुद्राच्या पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये बुडवला. म्हणजे बुडाचं तोंड, त्यावरचा कॉक आणि गाळणी तिन्ही संशयातून बाहेर. धार बारीकच. पंपाच्या पुढची नळी सोडून पाणी सरळ बाहेर पाडलं. कूलर आणि त्यापुढची वाट बाहेर. धार बारीकच. आता राहिला पंप आणि त्याच्या मागचा हातभर पाइप. तांडेलाने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. वर्कशॉपमधून तशाच मापाचा पाइपाचा तुकडा आणून लावला आणि धार हातभर लांब उडाली. जुना पाइप उभा चिरला तेव्हा आतला रबराचा थर सुटलेला दिसला. मंद चालताना तो भिंतीला टेकून राहायचा. ओढ वाढली की आत येऊन वाट बंद करायचा. बाहेरून पाइपावर सुरकुतीही नव्हती.

न्यायसूत्रांत अनुमानावर एक जुना हल्ला नोंदवलेला आहे. नदी फुगलेली दिसली की वर पाऊस झाला असं आपण म्हणतो. पण खाली कुणी पाणी अडवलं तरी नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार म्हणतो; पण कुणी वारूळ मोडलं तरी त्या निघतात. मोराचा आवाज ऐकून मोर आहे म्हणतो. पण माणूसही तसा आवाज काढतो. तेव्हा अनुमान हे प्रमाणच नव्हे, असा आक्षेप. त्यावरचं उत्तर मला सबंध शास्त्रात सगळ्यात शहाणं वाटतं: ही चूक अनुमानाची नाही, नुसती वाढ बघून अनुमान करणाऱ्याची आहे. भाष्यकार वात्स्यायन सांगतात की पावसाने आलेल्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यातून फळं, पानं, लाकडं वाहत येतात. तसं पाणी पाहिलं तर वर पाऊस झाल्याचं अनुमान चुकत नाही. चिपळूणच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. वाशिष्ठी चढली की वरचा पाऊस किती आणि खालून भरतीने अडवलेलं किती, हे तो पाण्याच्या रंगावरून आणि ओढीवरून बघतो. नुसता चढलेला काटा ही नुसती फुगलेली नदी. फेस आणि लाकडं मोजायला बादली, घड्याळ आणि ड्रम लागतो.

आणि आगीवरून धुराचं अनुमान का करता येत नाही, तेही नैयायिकांनी सांगून ठेवलं आहे. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे, धूर नाही. जिथे आगीसोबत धूर असतो तिथे ओलं लाकूड असतं; ती लपलेली अट, उपाधी, सापडली की मूळचा नियम गळून पडतो. काटा आणि पंप यांच्यातही अशी अट लपलेली आहे: पाणी यायची वाट मोकळी असताना आणि जायची वाटही मोकळी असताना पाणी कमी पडलं, तरच दोष पंपाचा. अर्धं आयुष्य मी या दोन 'असतानां'वर पोट भरलं आहे.

इथे चार्वाक हसतो. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त त्याची बाजू फार चांगली मांडली आहे: तू दहा अटी तपासल्यास, अकरावी नसेलच कशावरून? सगळ्या काळातले, सगळ्या ठिकाणचे धूर तू पाहिलेस का? खरं आहे, नाही पाहिले. आमच्या शिकाऊ पोरानेही एकदा हेच विचारलं होतं, चार्वाकाचं नावही न ऐकता: "पाइप बदलल्यावर पाणी आलं, पण त्याच वेळी दुसरंच काही सुटलं नसेल कशावरून?" जुना पाइप परत लावून दाखवला. धार गेली. नवा लावला, आली. तो म्हणाला, "तरीपण." या 'तरीपण'ला उदयनाचार्यांनी उत्तर दिलं आहे, आणि ते मला मान्य आहे. शंकेला मर्यादा असते, आणि ती मर्यादा शंका घेणाऱ्याचं स्वतःचं वागणं घालून देतं. धूर हवा असेल तर आग पेटवतोस, भूक लागली की जेवतोस. मग आग आणि धूर यांच्या नात्याबद्दल संशय आहे असं तोंडाने म्हणू नकोस. पुढे श्रीहर्षाने यावरही चिमटा काढला, पण मी उदयनांच्या बाजूचा. पोरगा स्वतः त्या बोटीवर बसून दहा वाव पाण्यापर्यंत जाऊन आला, तेव्हा त्याची शंका कुठे होती?

बाबा याच क्षणाची वाट बघत असतात. "उदयन पटला ना? मग पुढचंही ऐक." पुढचं असं: जे जे निर्माण झालेलं असतं त्याला जाणता कर्ता असतो, जसा घड्याला कुंभार. पृथ्वी, अंकुर, डोंगर हे निर्माण झालेले आहेत. तेव्हा त्यांनाही कर्ता आहे. उदयनांचा या युक्तिवादावर इतका भरवसा की त्यांच्याबद्दल आख्यायिका आहे: पुरीला जगन्नाथाचं दार बंद दिसलं तेव्हा त्यांनी देवालाच सुनावलं की तू ऐश्वर्याच्या मस्तीत माझी उपेक्षा करतोस, पण बौद्ध चालून आले की तुझं अस्तित्व माझ्यावर अवलंबून असतं. बाबा ही गोष्ट सांगताना दर वेळी खुलतात. मलाही आवडते. देवाला असं बोलणारा माणूस कोकणात नक्की खपला असता.

पण युक्तिवादाला मी तांडेलाला लावतो तोच पाना लावतो. धर्मकीर्तीने विचारलं होतं, मातीच्या घड्याला कुंभार असतो म्हणून मातीच्या वारुळालाही कुंभारच मानायचा का? नुसतं 'निर्माण झालेलं' ही खूण फार ढोबळ आहे, नुसत्या फुगलेल्या नदीसारखी. कुंभाराला हात असतात, चाक असतं, शरीर असतं. शरीरधारी कर्त्याने केलेलं असणं ही इथली लपलेली अट असेल, असंही विरोधक म्हणाले. नैयायिकांनी त्याला उत्तर दिलं की 'शरीर' हे विशेषण फुकटचं आहे, त्याने काही सिद्ध होत नाही. असेल. पण कुठलं विशेषण फुकटचं आणि कुठलं कामाचं हे ठरवायचं कसं? ड्रम लावून. एकेक गोष्ट बाजूला काढून, बाकीचं तसंच ठेवून. 'पाइप बाहेरून चांगला दिसतो' हे विशेषण फुकटचं ठरलं ते चिरल्यावर, त्याआधी नाही. जगाला मी कुठला ड्रम लावणार?

यावर बाबांचं शस्त्र तयार असतं. रानात कुणी न पेरता गवत उगवतं, त्याला कर्ता दिसत नाही, असं कुणी दाखवलं तर नैयायिक म्हणतो, गवत हे माझ्या पक्षातच आहे, त्याचा कर्ताच तर मला सिद्ध करायचा आहे. ते माझ्याविरुद्ध उदाहरण म्हणून कसं आणता? नियम म्हणून हे बरोबर आहे. डोंगरावर आग दिसत नाही, एवढ्यावरून डोंगरावरच्या आगीचं अनुमान मोडत नाही. नाहीतर कुठलंच अनुमान उभं राहणार नाही. मी बंद पंपाबद्दल बोलतो तेव्हा 'पंप तर बाहेरून ठीक दिसतोय' हा आक्षेप मीही ऐकून घेत नाही. फरक एवढाच की डोंगर चढता येतो आणि पंपाचे स्क्रू काढता येतात. ज्या वादात सगळी उलटी उदाहरणं पक्षात ओढून घेतली आणि झाकण कधीच उघडणार नाही, तिथे जिंकणं आणि हरणं यात काय वेगळं राहतं हे मला कळत नाही. उदयनांनीच घालून दिलेली मर्यादा, शंका घेणाऱ्याच्या वागण्याची, इथे लागू पडत नाही. आग आणि धूर यांवर संशय घेऊन मला चूल पेटवता येत नाही. जगाच्या कर्त्यावर संशय ठेवून मला पंप उघडता येतो, बसवता येतो, बोट सोडता येते. म्हणजे कर्ता नाही असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं आहे की हे काम अनुमानाचं नाही. आणि हे म्हणायला नास्तिक असावं लागत नाही: रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात हाच युक्तिवाद खोडून काढला आणि ब्रह्म केवळ शास्त्रातूनच कळतं असं सांगितलं. त्यांच्या भक्तीवर कुणी बोट ठेवेल? कुमारिलांनी वेदांसाठी आयुष्य घातलं आणि जगाचा निर्माता मात्र नाकारला. "ते वेदांती आणि ते मीमांसक," असं म्हणून बाबा दोघांना एका वाक्यात निकालात काढतात.

बंदरात हा प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो. सगळं तपासून काही सापडत नाही तेव्हा कुणीतरी म्हणतं, नजर लागली. वैशेषिकांकडे अशा वेळेसाठी 'अदृष्ट' होतं. सुई लोहचुंबकाकडे सरकते ती अदृष्टामुळे, झाडात पाणी वर चढतं ते अदृष्टामुळे, असं कणादसूत्रांत आहे. मी त्यांना हसत नाही. दिसणारी कारणं संपल्यावर त्यांनी हा शब्द वापरला. आमच्याकडे तो गाळणी उघडायच्या आधीच वापरला जातो, हे माझं भांडण. मिरकरवाड्यात दालदी मुसलमान तांडेल पुष्कळ. त्यांच्यापैकी एकाशी बोलताना अल गझालींचा विषय निघाला होता. कापूस जळतो तो आगीने नव्हे, अल्ला दर वेळी त्याला जाळतो, आग आणि जळणं ही फक्त त्याने लावून दिलेली सोबत, असं गझालींनी लिहिलं. तांडेल थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "असेल. पण तो दर वेळी सारखाच जाळतो ना? मग तू पंप बघ." न्यायसूत्रांपासून गझालींपर्यंतच्या साऱ्या वादात मला याहून सोयीचं वाक्य भेटलेलं नाही. हिंदू मालक नारळ फोडतो, मुसलमान तांडेल बिस्मिल्ला म्हणून स्टार्टर मारतो. इंपेलर दोघांचेही सारखेच झिजतात, आणि दोघंही तो वेळेवर बदलत नाहीत.

नारळ मीही फोडतो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावर पहिल्यांदा इंजिन चालू होतं तेव्हा मालक नारळ माझ्या हातात देतो, कारण आत हात घातलेले माझे असतात. बाबा विचारतात, हे कुठल्या प्रमाणाने? कुठल्याच नाही. तो नारळ काही सिद्ध करायला फोडलेला नसतो, आणि त्याने काही सिद्ध होत नाही म्हणून तो फुकट जातो असंही मला वाटत नाही. बाबांना हे उत्तर पळवाट वाटते. त्यांच्या मते मी 'न्यायकुसुमांजली'चा पाचवा स्तबक, जिथे ईश्वराच्या बाजूचे एकाहून एक युक्तिवाद आहेत, तो नीट वाचलेलाच नाही. तेव्हा येत्या पावसाळ्यात, बोटी वर ओढलेल्या असताना, तो पुन्हा लावायचं ठरलं आहे. त्यातल्या एका मुद्द्यावर मला आधीच बोलायचं आहे. उदयन म्हणतात, जग जड असूनही पडत नाही, तेव्हा कुणीतरी आपल्या प्रयत्नाने ते धरून ठेवलं असलं पाहिजे, उडता पक्षी काटकी धरतो तसं. तरंगणाऱ्या वस्तूंशी माझा रोजचा संबंध. कित्येक टनांचा ट्रॉलर रात्रभर धक्क्याला उभा असतो, त्यावर माणूस नसतो, कुणाचाही प्रयत्न नसतो, आणि तो बुडत नाही. हे उदाहरण मी ठेवलं की बाबा काय म्हणणार तेही मला माहीत आहे. ते म्हणणार, "बोटीखाली पाणी आहे. पृथ्वीखाली काय आहे, ते सांग."